तीन दिवस, चार शहरे आणि एक पाणपोई

नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे आमचे चिरंजीव नोकरी करतात. गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो असता पेन्टेकॉस्टच्या सणामुळे शनिवार, रविवार आणि सोमवार अशी लागून सुट्टी आली. चिरंजीवांना कामाची निकड होती. त्यांनी तिकिटे काढून दिली आणि म्हणाले, ‘‘बाबा, तुम्ही दोघेच जाऊन या.’’ मी लगेच कागद घेऊन बसलो. आयुष्यभर बँकेत ताळेबंद जुळवल्यामुळे मोकळा वेळ दिसला की त्याची वाटणी करावीशी वाटते. शनिवारी ब्रसेल्स आणि ब्रुगे, रविवारी अँटवर्प, सोमवारी ॲमस्टरडॅम, रात्री परत. तीन दिवस, चार शहरे.

या निवडीमागे माझा एक जुना मोह होता. वाणिज्य शाखेत शिकताना हुंडी, शेअर बाजार, हस्तांतरण, मध्यवर्ती बँक अशा विषयांच्या पहिल्याच प्रकरणात ही शहरे येत. पुस्तकात नावे पाठ केली, परीक्षेत लिहिली. पण ती गावे आहेत कशी, हे पाहायचे राहिले होते.

आणखी एक गोष्ट मनात घेऊन मी निघालो होतो, ती कागदावर नव्हती. वैजापूरला आमच्या आजोबांनी सुरू केलेले आडतीचे दुकान आहे. आजोबांच्या काळी माल बैलगाडीने रोटेगाव स्थानकावर जाई आणि तेथून रेल्वेने पुढे. मी नोकरीत गेलो. दुकान मोठ्या बंधूंनी सांभाळले. आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांची दोन्ही मुले पुण्यात, आमचा मुलगा परदेशात. जागेला गिऱ्हाईक आले होते. आम्ही विमानात बसण्याच्या आदल्या दिवशी बंधू एवढेच म्हणाले, ‘‘तू परत आलास की सांग. तुझ्या सहीवाचून मी काही करणार नाही.’’

शनिवारी पहाटे सूनबाईंनी ठेपले, खाखरे आणि कोरडी चटणी बांधून दिली. ब्रेडा येथे गाडी बदलून आम्ही दुपारच्या आत ब्रसेल्सला पोहोचलो. तेथील ‘ग्रां प्लास’ हा चौक युरोपातील अत्यंत देखण्या चौकांपैकी एक मानला जातो. चारही बाजूंना सोनेरी नक्षीची उंच घरे आहेत. ही घरे राजांची किंवा सरदारांची असावीत असे प्रथम वाटते. प्रत्यक्षात ती नावाडी, पाववाले, मद्य बनवणारे अशा धंदेवाल्यांच्या संघांची, आपल्या भाषेत महाजनांची, आहेत. इ.स. १६९५ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या सैन्याने या शहरावर तोफा डागल्या आणि चौक जवळजवळ भस्मसात झाला. धंदेवाल्यांच्या संघांनी अवघ्या काही वर्षांत तो पुन्हा उभारला. प्रत्येक संघाने घरावर स्वतःचे चिन्ह कोरले. ते संघ आता उरलेले नाहीत, चिन्हे मात्र आहेत.

तेथेच एका उपाहारगृहात आम्ही टेकलो. कॉफी मागवली आणि सौ.नी पाणी मागितले. पाण्याची लहानशी बाटली आली. बिलात तिचे साडेतीन युरो लावलेले होते, म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या घरात. माझी नजर सवयीप्रमाणे रकमेवर गेली. सौ.ची नजर बाटलीवर होती. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, एवढ्या श्रीमंत लोकांच्या दारात पाणी विकत? आपल्या दुकानापुढचा माठ आजपर्यंत कुणाला काही मागितलाय का?’’

मी हसून विषय सोडला. पुढची गाडी गाठायची होती.

ब्रसेल्सहून ब्रुगे तासाभराच्या अंतरावर आहे. कालवे, दगडी पूल, विटांची जुनी घरे. सारे गाव जणू पाचशे वर्षांपूर्वी थबकले आणि तसेच राहिले. एका अर्थी घडलेही तसेच. बाराव्या शतकात, इ.स. ११३४ च्या वादळात, समुद्राने किनारा फोडला आणि ‘झ्विन’ नावाची खाडी तयार झाली. त्या खाडीने ब्रुगेला समुद्राशी जोडले आणि गाव उत्तर युरोपची बाजारपेठ बनले. इंग्लंडची लोकर, फ्लँडर्सचे कापड, व्हेनिस आणि जिनोव्हा येथील व्यापारी, सगळे तेथे एकत्र येत. ‘व्हॅन डर बूर्झ’ नावाच्या घराण्याची तेथे एक सराई होती. तिच्यासमोरील चौकात परदेशी व्यापारी जमून सौदे करीत, हुंड्या देत-घेत. फ्रेंचमधील ‘बूर्स’, जर्मनमधील ‘बोर्से’, डचमधील ‘बूर्स’ हे शेअर बाजारासाठीचे शब्द त्याच घराण्याच्या नावावरून आले, असे मानले जाते. ते घर आजही उभे आहे. पुस्तकातील एक शब्द विटांच्या रूपात समोर उभा राहिलेला पाहून मी बराच वेळ रस्त्यातच थांबलो.

त्या घराशेजारीच जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांची १३९९ मधील वास्तू आहे. मोठ्या उत्सुकतेने पाटी वाचली आणि हसू आवरेना. आता तेथे तळलेल्या बटाट्याचे संग्रहालय आहे! कंदमुळे वर्ज्य असलेल्या आम्हा दोघांना त्या शहरात एवढी एकच वास्तू बाहेरून नमस्कार करण्याजोगी होती.

ब्रुगेचे वैभव का गेले? पंधराव्या शतकात झ्विन खाडी गाळाने भरत गेली. मोठी जहाजे येईनाशी झाली. राजकारणही फिरले. व्यापारी एकेक करून अँटवर्पला निघून गेले. कोणी गाव जाळले नाही, कोणी लुटले नाही. फक्त वाट बुजली. हे वाचताना मला रोटेगाव स्थानक आठवले. आजोबांच्या काळी सगळी वर्दळ तेथे होती. पुढे ट्रक आले, आता समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला. वाट बदलली की बाजार बदलतो. यात कोणाचा दोष नसतो.

संध्याकाळी एक गमतीचा प्रश्न उभा राहिला. सौ.चा चौविहाराचा नियम आहे. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. मी म्हणालो, ‘‘आज घाई नाही, नऊपर्यंत जेवता येईल.’’ त्यांनी सात वाजताच ठेपल्यांचा डबा उघडला. ‘‘सूर्य उशिरा मावळतो म्हणून जिभेला दोन तास वाढवून द्यायचे का?’’ यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. कालव्याकाठच्या बाकावर बसून आम्ही लख्ख उन्हात रात्रीचे जेवण उरकले.

रविवारी सकाळी अँटवर्प. तेथील १९०५ मधील रेल्वे स्थानकाला लोक थट्टेने नव्हे, कौतुकाने मंदिराची उपमा देतात. पण मला पाहायचा होता तो १५३१ मधील व्यापार-चौक, ‘हँडेल्सबूर्स’. केवळ सौदे करण्यासाठी शहराने बांधलेल्या पहिल्या वास्तूंपैकी ही एक होय. मध्ये मोकळे अंगण, भोवती कमानी. कोणत्याही देशाच्या आणि कोणत्याही भाषेच्या व्यापाऱ्यासाठी ती खुली आहे, असे तिच्यावर कोरले होते. लंडनच्या टॉमस ग्रेशम यांनी तिचाच नमुना घेऊन तेथील रॉयल एक्स्चेंज उभारले. मूळ वास्तूची नंतर पुनर्बांधणी झाली, १८५८ मध्ये ती आगीत गेली आणि १८७२ मध्ये पुन्हा उभी राहिली. आज तेथे समारंभ होतात.

अँटवर्पचे दिवसही फिरले. इ.स. १५७६ मध्ये पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी शहर लुटले. १५८५ मध्ये शहर स्पेनच्या हाती गेले. धर्मापायी हजारो कुटुंबांना घरदार सोडावे लागले. लाखभर वस्तीचे शहर काही वर्षांतच निम्म्याहून खाली आले. निघून गेलेल्यांपैकी अनेक जण ॲमस्टरडॅमला गेले आणि भांडवलाबरोबर आपली विद्या, ओळखी आणि पतही घेऊन गेले. ब्रुगेची वाट गाळाने बुजली, अँटवर्पची तलवारीने.

स्थानकाच्या अगदी बाजूला होव्हेनियर्सस्ट्राट ही हिऱ्यांची गल्ली आहे. रविवार असल्याने दारे बंद होती. पहाऱ्याचे कॅमेरे तेवढे जागे होते. पाट्यांवर मात्र शाह, मेहता, झवेरी अशी आपल्या ओळखीची आडनावे. १९६० नंतर पालनपूरकडील जैन कुटुंबे येथे येऊ लागली. पैलू पाडायला किचकट म्हणून ज्या लहान खड्यांकडे इतर फारसे पाहत नसत, ते त्यांनी घेतले आणि सुरत-नवसारीकडे घडवून घेतले. त्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या ज्यू व्यापाऱ्यांचा वावर. त्यांच्यात सौदा पक्का झाला की हातात हात देऊन ‘मझल’ म्हणतात, म्हणजे शुभ होवो. तो शब्द उच्चारल्यावर सौदा मोडत नाही. आपली मंडळीही तोच शब्द उच्चारू लागली. आमच्या आडतीच्या बाजारातील जुन्या माणसांना हे सांगितले असते तर त्यांना नवल वाटले नसते. रुमालाखाली बोटे दाबून ठरलेला भाव कोणी लेखी मागत नसे.

आज त्या गल्लीचा पुष्कळ व्यवहार मुंबई, सुरत आणि दुबईकडे वळला आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स उभे राहिले. सुरतचे नवे हिरेभवन डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाले. म्हणजे बाजार पुन्हा चालू लागला आहे. या वेळी आपल्याच दिशेने.

माझ्या कागदाप्रमाणे त्यानंतर एक चित्रसंग्रहालय होते. सौ. म्हणाल्या, ‘‘चित्रे राहू द्या. विल्रिकला चला.’’

विल्रिक हे अँटवर्पचे उपनगर. तेथे शंखेश्वर पार्श्वनाथांचे संगमरवरी मंदिर आहे; २०१० मध्ये ते पूर्ण झाले. दगड भारतात कोरून, जहाजाने आणून, तेथे जोडलेले आहेत. आम्ही स्थानकवासी, माझ्या घरी मूर्तिपूजा नाही. सौ.चे माहेर मंदिरमार्गी. लग्नाला चाळीस वर्षे झाली, पण या विषयावर आमच्यात कधी वाद झाला नाही. कारण त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितले नाही. त्या दिवशी मागितले.

ढगाळ आकाशाखाली, विटांच्या घरांच्या वस्तीत ते पांढरे शिखर दिसले आणि त्या चालता चालता थांबल्या. आत थंड शांतता होती. मी एका खांबाजवळ बसून नवकार म्हटला. सौ. किती वेळ डोळे मिटून उभ्या होत्या, ते मी घड्याळात पाहिले नाही. त्या प्रवासात घड्याळ न पाहण्याची ती माझी पहिलीच वेळ.

बाहेर आल्यावर एका गुजराती श्राविकेने स्टीलच्या दोन पेल्यांत उकळून निववलेले पाणी आणून दिले. कुठून आलात, मुलगा कुठे असतो, अशी चौकशी केली. वैजापूर म्हटल्यावर त्यांना काही उलगडले नाही. वेरूळजवळ, असे सांगितले तेव्हा चेहरा खुलला. सौ.नी पेला रिकामा केला आणि मला हलकेच म्हणाल्या, ‘‘हे बघा. इथे पाण्याला किंमत नाही.’’

त्या रात्री झोप लागेना. हिऱ्यांचा बाजार उद्या पूर्ण सुरतेला गेला, तरी हे मंदिर येथेच राहणार, हा विचार मनात फिरत होता.

सोमवारी ॲमस्टरडॅम. व्यापाराच्या विद्यार्थ्याला हे शहर काशीसारखे. डच ईस्ट इंडिया कंपनी येथे १६०२ मध्ये स्थापन झाली. सर्वसामान्य लोकांनी तिचे भाग घेतले आणि ते भाग बाजारात विकले जाऊ लागले. आपल्या वेंगुर्ल्याला पडक्या अवस्थेत असलेली डच वखार याच कंपनीची. सुरतेत तिचे ज्यांच्याशी देणे-घेणे होते, त्यांत वीरजी व्होरा हे बडे जैन सावकार होते. इंग्रजांची कंपनीही त्यांच्याकडून कर्ज घेई. युरोपातील कंपन्यांना भारतीय श्रावक कर्ज देत होता, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

पण मला जास्त ओढ होती ती १६०९ मधील ‘विसेलबँके’ची. नाना देशांची, नाना कसांची नाणी घेऊन ही बँक व्यापाऱ्याच्या खात्यावर तेवढी रक्कम जमा दाखवी आणि मग खात्यावरून खात्यावर वळती करी. ६०० गिल्डरच्या वरची हुंडी तिच्यातूनच भागवावी लागे. ती शहराच्या नगरभवनात होती. त्याची १६५५ मधील नवी इमारत आज राजवाडा म्हणून ओळखली जाते. इ.स. १६७२ मध्ये फ्रेंच सैन्य चालून आले तेव्हा घाबरलेले ठेवीदार दारात जमले. बँकेने प्रत्येकाला पैसे दिले. त्यातील काही नाणी जुन्या नगरभवनाच्या आगीत काळवंडलेली होती. म्हणजे ठेव खरोखर तिजोरीत होती, हे लोकांना डोळ्यांनी दिसले! बँकेत काम केलेल्या माणसाच्या अंगावर यापेक्षा मोठा रोमांच कशाने येणार?

तीच बँक पुढे बुडाली. कशाने? तिने गुपचूप, मर्यादेबाहेर, एकाच मोठ्या ऋणकोला कर्जे दिली. तो ऋणको म्हणजे तीच नामांकित कंपनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे उघड झाले आणि दीडशेहून अधिक वर्षे जपलेली पत थोड्या दिवसांत संपली. त्याच इमारतीत दिवाळखोरीचा निवाडा होई, त्या दालनाच्या दारावर एक शिल्प आहे. सूर्याजवळ उडू गेलेला आणि कोसळणारा इकॅरस. खाली रिकामी पेटी आणि हिशेबाच्या कागदांत खेळणारे उंदीर. आमच्या वेळी प्रशिक्षणात थकीत कर्जांवर पुष्कळ व्याख्याने ऐकली. हे शिल्प दाखवले असते तर एका तासात काम झाले असते.

ब्रुगेची वाट गाळाने बुजली, अँटवर्पची तलवारीने. ॲमस्टरडॅमची बँक मात्र स्वतःच्याच वहीने बुडाली.

परतीच्या गाडीत बाहेर हिरवी सपाट शेते आणि रात्री नऊचे ऊन होते. सौ. गुडघ्यावर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांनी विचारले, ‘‘दादांना काय सांगणार आहात?’’

मी म्हणालो, ‘‘दुकान विकावे असे वाटते. मुलांपैकी कोणी येणार नाही. आग्रह धरून बसवले तर दुकानही टिकणार नाही आणि मुलेही.’’

‘‘ते मला ठाऊक आहे. मी विचारते, मागे काय ठेवणार?’’

मला वेरूळ आठवले. वैजापूरच्या आपल्यापैकी बहुतेकांनी तेथील जैन लेणी, क्रमांक ३० ते ३४, पाहिली असतील. पण त्यावरच्या टेकडीवर पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे, तेथपर्यंत थोडेच चढतात. तिच्यावरील शके ११५६, म्हणजे इ.स. १२३४-३५ मधील लेखात श्रीवर्धनापूरच्या चक्रेश्वर नावाच्या श्रावकाने ही मूर्ती करवल्याचे म्हटले आहे. त्याचे घर कोठे होते, दौलत किती होती, वारस कोण, काहीही आज आपल्याला दिसत नाही. जे त्याने स्वतःसाठी ठेवले ते सगळे गेले. जे दिले तेवढे राहिले. लहानपणापासून कितीदा तरी त्या पायऱ्या चढलो, पण हे गणित सुटायला मला चार परदेशी शहरे पाहावी लागली.

मी हे सौ.ना सांगितले. त्या म्हणाल्या, ‘‘आपण काही चक्रेश्वर नाही. मूर्ती नको, नावाची पाटीही नको. माठ तेवढा राहू द्या.’’

आमच्या दुकानाच्या कोपऱ्यावर आजोबांनी सुरू केलेली पाणपोई आहे. लांबच्या खेड्यांतून माल घेऊन आलेले शेतकरी, हमाल, गाडीवान तेथे पाणी पीत. पाणी दुहेरी फडक्याने गाळलेले असे. गाळण्याचे काम आजी स्वतः करीत असत. आमच्या भागाला दुष्काळ नवा नाही. पण माठ कोरडा पडल्याचे घरात कोणाला आठवत नाही.

वैजापूरला परतल्यावर मी बंधूंपुढे कागद ठेवला. खरेदीखतात पाणपोई चालू ठेवण्याची अट घालावी, असे त्यांचे मत पडले. अटी कशा विसरल्या जातात हे मी नोकरीत पाहिले आहे. म्हणून कोपऱ्याची सहा फूट बाय आठ फूट जागा विक्रीतूनच वगळली. विक्रीच्या रकमेतून एक ठेव श्रीसंघाच्या नावे ठेवली. मुद्दल कायम राहील. व्याजातून माठ, पाणी आणि ते भरणाऱ्या माणसाचा पगार भागेल. वर्षाचा हिशेब चातुर्मासात संघापुढे वाचला जाईल. अशी व्यवस्था कोणत्याही कुटुंबाला जमण्यासारखी आहे. तिला फार मोठी रक्कम लागत नाही, कागद मात्र नीट लागतात.

बंधूंनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढून थोडा वेळ रस्त्याकडे पाहत बसले. मग म्हणाले, ‘‘ठीक आहे. पण माठ मातीचाच ठेव. ती थंड पाण्याची मशीन आणू नकोस.’’

मी सही केली.